डावा हात दमला

प्रियदर्शनीने तेजस्वीचा डावा हात मनगटाशी धरून अलगद उचलला, तिच्या मांडीखाली सरकवला आणि वरून फ्रॉक नीट केला.

“झोपला?” तिने विचारलं.

“झोपला,” तेजस्वी कुजबुजली.

“मग आता जागं कोण आहे?”

तेजस्वीने उजव्या हातातली पेन्सिल उंच धरली. चार वर्षांची पोर. शेंबूड वर ओढून ती पाटीवर ओणवी झाली आणि ‘ग’च्या पहिल्या वळणालाच तिची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली.

“डावा हात दमला, मांडीखाली निजला,” प्रियदर्शनीने सुरू केलं आणि पुढच्या ओळीला तिचा आवाज नेहमीप्रमाणे फाटला. वर्गातल्या बाकीच्या एकवीस पोरांनी तिची वाट न बघता गाणं पुरं केलं, “गडबड कुणी करू नका, उजवा लिहू लागला!” गडबड करू नका हे सांगणारं गाणंसुद्धा बालवाडीत बेंबीच्या देठापासून ओरडूनच म्हणतात. शाळेतल्या सरुबाई मावशी दारातून डोकावून हसल्या आणि पाण्याच्या बाटल्या भरायला गेल्या.

‘ग’ उमटला. त्याचा काना तेवढा वाऱ्यात सापडलेल्या जोंधळ्यासारखा कलला होता. प्रियदर्शनीने पदराला हात पुसून मोबाइल काढला, पाटी, पेन्सिल आणि उजवा हात एवढंच चौकटीत येईल असा फोटो घेतला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला. अकराच्या आत प्रत्येक मुलाचा एक फोटो ग्रुपवर गेलाच पाहिजे, असा श्रुती मॅडमचा नियम होता. श्रुती मॅडम म्हणजे शाळा काढणाऱ्या थोरल्या बाईंच्या सूनबाई. चार वर्षांपूर्वी शाळा त्यांच्या हातात आली. तेव्हापासून भिंती पिवळ्याधमक झाल्या, बाईंच्या ‘मिस’ झाल्या आणि हे फोटोंचं झेंगट मागे लागलं. पोरं मात्र अजून बाईच म्हणत.

फोटो पोहोचतो न पोहोचतो तोच तेजस्वीच्या आजीचा, आक्कांचा, आवाजातला निरोप आला. आक्का फोनवरही शेताच्या बांधावरून हाक मारल्यासारखं बोलत.

“झाक बाई! लई झाक! असंच लिवून घ्या तिच्याकडनं. ह्यो फोटू मी बिद्रीला धाडतो, आमच्या धाकल्या जावंला!”

तीन आठवड्यांपूर्वी याच आक्का शाळेच्या फाटकाशी तिला अडवून म्हणाल्या होत्या, “पोरगी डावरी हाय बाई. डाव्या हातानं घास घेती, डाव्या हातानं पावण्यास्नी पाणी देती. लाज जाती आमची. तुमास्नी म्हणं औषध ठावं हाय त्याचं.”

औषध ठाऊक होतं खरं. बावीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच वर्षी ते तिने शोधून काढलं होतं. तेव्हा शाळेत डावऱ्या पोरांचा डावा हात रिबिनीने खुर्चीला बांधत. असा बांधलेला एक मुलगा तिने बघितला. तो रडत होता, पण आवाज न करता. तिने रिबीन सोडली, त्याचा हात त्याच्याच मांडीखाली ठेवला आणि तिथल्या तिथे गाणं जुळवलं. मारायचं नाही, बांधायचं नाही, हात दमलाय म्हणून त्याला निजवायचं. पंधरा दिवसांत पोरगा उजव्या हाताने लिहायला लागला. थोरल्या बाईंनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली आणि रिबिनी कपाटात गेल्या त्या गेल्याच. त्यानंतर अशी सात-आठ पोरं तिने वळणावर आणली होती. त्यांची नावं विचारली असती तर तिला सांगता आली नसती. त्या पहिल्या मुलाचं नावही ती कधीच विसरून गेली होती. पण या एका गोष्टीचा तिला मनापासून अभिमान होता आणि तो तिने कधी लपवला नाही.

दोन वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात एक तरुण बाई म्हणाली होती, की मुलांचा हात बदलू नये. प्रियदर्शनीला तिचा राग आला होता. काल आलेल्या पोरींनी आपल्याला शिकवावं! तरीही ते वाक्य तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं, आणि आक्का फाटकाशी बोलत होत्या तेव्हा ते तिला आठवलंही होतं. पण आक्कांना नको म्हणायचं तर दहा मिनिटं बोलावं लागलं असतं. तिच्या घशात दहा मिनिटं शिल्लक नव्हती. “बघते,” एवढंच म्हणून ती वर्गात गेली होती.

घशाच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, “आवाजाला सुट्टी द्या.” बालवाडीच्या बाईने आवाजाला सुट्टी कशी द्यायची, ते काही त्यांनी कागदावर लिहून दिलं नाही. गुडघे तर आधीच गेले होते. बावीस वर्षं वीतभर उंचीच्या खुर्च्यांवर बसून आणि त्यांच्यावरून उठून कुणाचेही गेले असते. पण घसा आणि गुडघे सोसवत होते, सोसवत नव्हतं ते वेगळंच.

गेल्या महिन्यात केएमटीच्या थांब्यावर दहावीतली एक मुलगी तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. नाकाच्या शेंड्यावरच्या तिळावरून प्रियदर्शनीने तिला ओळखलं. या पोरीला तिने दोन वर्षं मांडीवर घेऊन डबा भरवला होता, तिच्या चड्ड्या धुतल्या होत्या, आई आली नाही म्हणून एकदा साडेतीनपर्यंत तिला कडेवर घेऊन फाटकाशी उभी राहिली होती. मुलीने तिच्याकडे बघितलं.

“काकू, जरा सरकता का?”

प्रियदर्शनी सरकली. त्या दिवशी घरी येऊन चपला काढतानाच ती नवऱ्याला म्हणाली, “सोडते मी शाळा.”

प्रसेनजीत एसटीच्या वर्कशॉपमध्ये होता. तो तिला गेली तीन वर्षं हेच सांगत आला होता. त्याने दुसऱ्याच दिवशी आकारामला विचारलं. आकाराम त्याचा दोस्त, आजऱ्याहून देसायांचा काजू टेम्पोने कोल्हापूरला आणायचा. देसायांच्या राजारामपुरीतल्या दुकानात हिशेबी डोक्याची, सुवाच्य अक्षराची, शांत स्वभावाची बाई पाहिजे होती. शांत स्वभावाची आहे की नाही ते प्रियदर्शनीला सांगता येत नव्हतं, पण आवाजच नसल्यामुळे ती शांत वाटली असती खास. आज दुपारी तीनला तिला तिथे जायचं होतं.

शाळाही राजारामपुरीतच, अकराव्या गल्लीत, आणि दुकान पाचव्या. ती चालतच गेली. क्लासेसच्या पाट्या, दवाखाने, लावलेल्या गाड्यांच्या रांगा यांतून वाट काढत असताना तिच्या लक्षात आलं, की आपण रस्ता ओलांडताना अजूनही मागे वळून पोरं मोजतोय. मागे कुणी नव्हतं.

दुकान काचेचं, थंडगार. आत भाजलेल्या काजूचा गोडसर वास भरला होता. मालक उदयसिंह देसाई सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, दाढी कोरलेली, मनगटात कडं. तिला बघून तो उठून उभा राहिला.

“या, या मॅडम. बसा निवांत. आकाराम बोललाय मला.”

त्याने काजूची बशी डाव्या हाताने पुढे केली, मध्येच थांबून ती उजव्या हातात घेतली आणि मग तिच्यासमोर ठेवली. प्रियदर्शनी खुर्चीत बसली. मोठ्या माणसांची खुर्ची. तिला पाठ होती, हात टेकायला जागा होती, आणि गुडघे जिथे असायला पाहिजेत तिथे बरोबर राहत होते. इतकं बरं वाटलं की तिला एकदम रडूच येईल असं झालं. ही खुर्ची तिला पाहिजे होती. दुसरं काही नाही मिळालं तरी चालेल.

“काम काय अवघड न्हाय,” उदयसिंह सांगत होता. “हितं बसायचं, फोन घ्यायचे, ऑर्डरी लिवायच्या, खोक्यांवर नावं-पत्ते घालायचे. फोडणं-सोलणं समदं तिकडं आजऱ्याला. हितं आरडाओरडा न्हाय, पळापळ न्हाय.”

“बोलावं लागतं का हो फार?”

“काजू काय बोलतंय मॅडम?” तो मोकळं हसला. प्रियदर्शनीही हसली.

त्याने तिच्यापुढे एक कोरं खोकं सरकवलं आणि सांगितला तो पत्ता तिने लिहिला. बावीस वर्षं फळ्यावर ‘ग म भ न’ काढलेला हात. उदयसिंहाने खोकं फिरवून फिरवून बघितलं.

“आयला, छापल्यागत हाय की! नोकरी तुमचीच धरा. पाडव्यापास्नं या. तवर थोडी घाई असती आमची, पण चालतंय. नाव आन् नंबर टिपून घेतो तेवढा.”

त्याने वही पुढे ओढली. खुर्चीतच तो जरा उजवीकडे वळला, डावा खांदा वर उचलला आणि त्याचा डावा हात आपणहून, कुणी न सांगता, मांडीखाली गेला. पालथा. बोटं मिटलेली. मग त्याने उजव्या हातात पेन धरलं, मान खाली घातली आणि सावकाश, एकेक अक्षर दाबून, तो ‘प्रियदर्शनी’ लिहायला लागला. ‘प्रि’ला त्याची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली.

प्रियदर्शनीच्या हातातला काजू हातातच राहिला.

तिने पुन्हा बघितलं. मांडीखालून कडं तेवढं चमकत होतं. अक्षरांचे काने उजवीकडे कलले होते, सगळे एकाच वाऱ्यात.

“तुमचा हात,” ती म्हणाली. आवाज निघाला नाही म्हणून तिने पुन्हा खाकरून म्हटलं, “हात असा का ठेवलाय?”

“आँ? ह्यो व्हय?” त्याने हात बाहेर काढून झटकला. त्याच्या चेहऱ्यावर ओशाळेपणा आला, मग तो हसला. “सवय हाय ओ. लिवताना ह्याला दाबून ठेवल्याबिगर अक्षरच उमटत न्हाय माझं. बारावीला एक बी पेपर पुरा झाला न्हाय. मुंग्या यायच्या हाताला. गणिताच्या पेपरला तर सुपरवायझरनं उठवून उभा केलता मला, मांडीखाली कॉपी हाय म्हणून. समद्या वर्गासमोर खिसं उलटं केलं.”

“मग?”

“मग काय, सापडतंय काय? हातच सापडला.”

आपल्याच विनोदावर तो खुशीत हसला. हा विनोद त्याने बऱ्याच जणांना सांगितलेला असणार.

“कधीपासून आहे सवय?”

“काय की. बारीक असल्यापास्नं. मला वाटायचं, समदी असंच लिवत्यात. आई म्हणती मी पयला डावरा हुतो, मग आपोआप सुधारलो.”

“आपोआप,” प्रियदर्शनी म्हणाली.

“क्रिकेट अजून डाव्यानंच खेळतो की. नुसतं लिवायचं म्हटलं की ह्यो हात न्हाय. बारीकपणी कवातरी झोपला त्यो, आता कुठला उठतोय.”

झोपला हा शब्द त्याला तिने दिला नव्हता. निदान आज तरी नाही. बशीकडे बघत तिने विचारलं, “बालवाडी कुठली हो तुमची?”

“हितंच, वरच्या अंगाला कुठल्यातरी गल्लीत. बाबा हितं नोकरीला हुते तवा. मग गेलो आमी आजऱ्याला.”

“बाई आठवतात?”

“बालवाडीतल्या? कुणाला आठवत्यात ओ त्या!” म्हणून गेला, आणि समोर कोण बसलंय ते ध्यानात येऊन त्याने जीभ चावली. “तसं न्हाय मॅडम. वाईट वाटून घिऊ नका. पोरं बारीक असत्यात, ऱ्हात न्हाय डोक्यात काय.”

“खरं आहे,” ती म्हणाली.

तिला पहिल्यांदा वाटली ती सुटका. त्याला आठवत नाही, बरं झालं. आणि ती सुटका वाटल्याची मग इतकी लाज वाटली की तिने मान वर केली नाही. आवाज न करता रडणारा तो मुलगा. हजेरीत नाव मोठं होतं म्हणून सगळे त्याला नुसतं उदय म्हणायचे, ते तिला आत्ता आठवलं. पंधरा दिवस ती त्याच्या शेजारी बसली होती, गाणं म्हणत, हसत, त्याच्या केसांतून हात फिरवत. पट्टी मारली असती तर त्याने आईला सांगितलं असतं. रिबीन बांधली असती तर कधीतरी ती तोडली असती. तिने हात झोपवला आणि तो शहाण्या मुलासारखा ऐकत राहिला, अगदी बारावीच्या गणितापर्यंत.

सांगावं का, असं तिच्या मनात आलं. ओठांवरही आलं. पण सांगून त्याचे पेपर काही पुरे होणार नव्हते, आणि ती खुर्ची मात्र जाणार होती. तिने हे दोन्ही विचार केले आणि काहीच सांगितलं नाही.

“उद्या अकराला फोन करतो,” उदयसिंह दारापर्यंत पोचवायला येत म्हणाला. “हो का न्हाय तेवढं तवा सांगा. दुसऱ्या एक बाई हायत, त्यास्नी थांबवून ठेवलंय. तुमी फोन न्हाय घेतला तर मी त्यास्नी सांगून टाकणार बगा.”

संध्याकाळी प्रसेनजीत कामावरून आला तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून वाण्याची यादी करत होती.

“काय ठरलं?”

“पाडव्यापासून या म्हणतात. उद्या अकराला फोन येईल.”

“मग घे की फोन, आणि हो म्हणून मोकळी हो. माणूस कसा आहे?”

“चांगला आहे.”

“मग झालं तर.” त्याने तोंड धुतलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि तिच्याकडे बघून थांबला. “हात का असा दडपून बसलीस?”

ती डावरी नव्हतीच, म्हणून उजवा हात मांडीखाली घालून ती डाव्या हाताने यादी लिहीत होती. तूरडाळ, रवा, चहापूड. ओळी उतरणीला लागल्या होत्या. मान आखडली होती, उजवा खांदा कानाला टेकायला आला होता आणि पाचव्या ओळीलाच बोटांना मुंग्या आल्या होत्या. पाचव्या ओळीला. त्या पोरांना पानंच्या पानं लिहायची होती.

“अहो,” ती म्हणाली, “मी कुणा पोराचं वाईट केलं असेल का?”

“तू?” प्रसेनजीतला हसू आलं. “एका पोराला साधी चापट मारली नाहीस तू कधी.”

“चापट मारली असती तर विसरलं असतं.”

तिचं काय बिनसलंय ते त्याला कळलं नाही. दमलीय, असं तो म्हणाला आणि त्याने चहाचं आधण ठेवलं. दमली तर ती होतीच. अंगातून शक्ती काढून घ्यावी तशी दमली होती. हे सगळं चार दिवस उशिरा का कळलं नाही, पाडव्यानंतर का नाही, असं तिला वाटत राहिलं. काचेआड बसून काजूच्या खोक्यांवर नावं घालताना कळलं असतं तर निदान काही करावं लागलं नसतं.

सकाळी आक्कांनी तेजस्वीला फाटकाशी सोडलं.

“बाई, कालचा फोटू समद्या बिद्रीत फिरला! आज बी धाडा!” स्कूटरवरूनच ओरडून त्या गेल्या. प्रियदर्शनीने हाक मारायला तोंड उघडलं. आवाज फाटकाच्या पुढे गेला नाही.

प्रार्थना झाली, डबे झाले, पाट्या वाटून झाल्या. साडेदहा वाजून गेले होते. प्रियदर्शनी तेजस्वीकडे वळली, तेव्हा तेजस्वी सगळी तयारी करून बसली होती. डावा हात मांडीखाली, फ्रॉक वरून नीट केलेला, उजव्या हातात पेन्सिल. कुणी सांगितलं नव्हतं. ती बाईंकडे बघत होती, शाबासकीची वाट बघत.

“तेजू, आज डावा हात उठवूया,” प्रियदर्शनी म्हणाली.

“श्श!” तेजस्वीने पेन्सिलीसकट बोट ओठांवर ठेवलं. “निजलाय.”

“झाली त्याची झोप. तीन आठवडे निजलाय. उठव आता.”

तेजस्वीने संशयाने तिच्याकडे बघितलं. हात हळूच बाहेर काढला, पालथा-उताणा करून बघितला. मग पुन्हा बाईंचा चेहरा बघितला. ही काहीतरी परीक्षा असणार, हे तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. तिने हात परत मांडीखाली घातला आणि शहाण्यासारखी पाटीवर वाकली.

प्रियदर्शनीने तो पुन्हा बाहेर काढून बोटांत पेन्सिल दिली. तेजस्वीने पेन्सिल उजव्या हातात घेतली. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा पोरीचे डोळे भरून आले. आवाज मात्र आला नाही.

हे रडणं प्रियदर्शनीने आधी पाहिलेलं होतं.

मागे बाकीच्या पोरांचा कल्लोळ चालू होता. आदर्शने कुणाची तरी पाटी पळवली होती. घड्याळात अकराला पाच मिनिटं होती, एकही फोटो ग्रुपवर गेला नव्हता आणि आक्कांना काय सांगायचं ते तिला अजून सुचलं नव्हतं. नवं गाणं सुचावं म्हणून तिने डोकं खाजवून बघितलं, पण काही सुचेना. तिने मोबाइल खिडकीत ठेवला. भिंतीला धरून, एक गुडघा, मग दुसरा, असं करत ती खाली सतरंजीवर तेजस्वीच्या शेजारी बसली. आपला उजवा हात उचलला आणि मांडीखाली सरकवला. वरून पदर नीट केला.

तेजस्वी बघत राहिली.

“बाई, ह्यो कशाला?”

“हा पण दमलाय,” प्रियदर्शनी म्हणाली. “बावीस वर्षं हाच लिहितोय.”

तिने डाव्या हातात पेन्सिल घेतली आणि पाटीवर ‘ग’ काढायला घेतला. पेन्सिल घसरली. वळण वळलंच नाही, काना आडवा गेला आणि सगळं मिळून पाय मोडलेल्या कोंबडीसारखं काहीतरी झालं. तेजस्वीने नाक वर ओढलं.

“वाकडा आलाय.”

“हो की. जमतच नाही मला या हाताने.”

“असा न्हाय, बाई. असा वळवायचा.” तेजस्वीने हवेत करून दाखवलं. उजव्या हाताने केलं, ते तिचं तिलाच पटलं नाही. ती क्षणभर थांबली. मग मांडीखालून डावा हात बाहेर आला, बाईंच्या बोटांतली पेन्सिल त्याने काढून घेतली आणि पाटी स्वतःकडे ओढली.

खिडकीत फोन वाजायला लागला. सरुबाई मावशी बाटल्या ठेवायला आत आल्या होत्या, त्यांनी तो उचलून बघितला.

“बाई, तुमचा फोन. कोण काजूवाले देसाई म्हणं.”

प्रियदर्शनीच्या उजव्या हाताला मुंग्या आल्या होत्या. पाटीवर पेन्सिल करकरत होती.

“घ्या की बाई, बंद पडंल वाजून वाजून!”

तिने तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. तेजस्वीने पाटीवरून मान वर केली नाही.

“गप की मावशी,” ती म्हणाली. “बाईंचा हात निजलाय.”